गिअरचं ऑइल कमी होतं, गळती कूलरच्या पाइपला

'डी' (ड्राइव्ह) टाकल्यावर ऑटोमॅटिक गाडी उशिरा ओढत होती, म्हणून आधी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, पाहिलं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू (होंडात मात्र बंद करून मोजतात). ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून परत 'पी'वर (पार्क). डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून, पूर्ण आत घालून 'हॉट'ची खूण वाचली. नागपूरच्या मे महिन्यात ट्रॅफिकमधून आल्या आल्या मोजू नका. ऑइल फुगून पातळी जास्त दिसते, अर्धा तास थांबा.

मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल लांब फनेलने डिपस्टिकच्या नळीतून पाव-पाव लिटर घातलं. जास्त झालं तर फेस होऊन गिअर घसरतात. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे गळतंय. हे ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा जोड ओला होता, तो बदलला. तपकिरी रंग, जळका वास असेल तर टॉप-अपने भागत नाही.