डिजिटल सही दहा वर्षांनंतरही तपासता यावी म्हणून

सही केलेली पीडीएफ जपून ठेवली एवढ्याने भागत नाही. सहीचं सर्टिफिकेट, म्हणजे सही कुणाची हे सांगणारा डिजिटल दाखला, साधारण 1 ते 3 वर्षांत संपतं. त्यानंतर दोन प्रश्न येतात: सही नेमकी कधी झाली, आणि तेव्हा सर्टिफिकेट रद्द तर नव्हतं? संगणकाचं घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतो, आणि मुदत संपलेलं सर्टिफिकेट सीआरएलमधून, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांच्या यादीतून, बहुधा वगळलं जातं. हा पुरावा मिळतोय तोवरच फाइलमध्ये भरून घ्यायचा.

पीडीएफ/एमध्ये, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात, रूपांतर करायचं तर सहीआधी. नंतर केलंत तर फाइल नव्याने लिहिली जाते आणि सही मोडते. 'प्रिंट टू पीडीएफ'ने तर सहीचं नुसतं चित्र उरतं.

सही करण्यापूर्वीच आरएफसी 3161 हे इंटरनेट मानक पाळणारा टाइमस्टॅम्प सर्व्हर, म्हणजे सहीची वेळ त्रयस्थपणे प्रमाणित करणारा, सेट करा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये तो प्रेफरन्सेस, सिग्नेचर्स, डॉक्युमेंट टाइमस्टॅम्पिंग इथे सापडतो. हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, एसएचए-256 किंवा त्याहून मजबूत हवा. एसएचए-1 ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश, 2017 मध्येच घडवून दाखवली गेली आहे.

मग सहीवर राइट-क्लिक करून 'अ‍ॅड व्हेरिफिकेशन इन्फर्मेशन' निवडा. सर्टिफिकेटांची साखळी (सहीच्या सर्टिफिकेटपासून वरच्या मूळ, म्हणजे रूट, सर्टिफिकेटपर्यंत) आणि ओसीएसपीची, म्हणजे एखादं सर्टिफिकेट रद्द आहे का हे विचारल्यावर सांगणाऱ्या सेवेची, उत्तरं किंवा सीआरएल फाइलमध्ये येतात. इथे घाई नडते. सहीच्या आधी निघालेली सीआरएल सहीच्या क्षणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि काटेकोर तपासणीत नेमकं तेच अडतं. पुढची यादी निघेपर्यंत थांबा. शेवटी सगळ्यावर डॉक्युमेंट टाइमस्टॅम्प लावा. पेडेस या पीडीएफवरच्या सह्यांच्या मानकात हीच बी-एलटीए, म्हणजे दीर्घकाळ जतनाची, पातळी.

टाइमस्टॅम्पच्या सर्टिफिकेटलाही मुदत असतेच. ती तारीख नोंदवून ठेवा आणि बरेच महिने आधी नूतनीकरण करा: प्रथम जुन्या टाइमस्टॅम्पची तपासणी-माहिती भरा, मग त्यावर नवा लावा. क्रम उलटला तर जुन्याचा पुरावा नव्याच्या संरक्षणाबाहेर राहतो. फाइली हजारो असतील तर आरएफसी 4998 मधला एव्हिडन्स रेकॉर्ड, म्हणजे पुराव्याची नोंद, परवडतो, कारण हॅश-वृक्षामुळे, म्हणजे सगळे हॅश जोडत जाऊन शेवटी एकच हॅश काढल्यामुळे, एकच टाइमस्टॅम्प सगळ्यांना पुरतो. मात्र हॅशची पद्धत बदलायची वेळ आली की प्रत्येक फाइलचा हॅश पुन्हा काढावा लागतो.

प्रती तीन ठेवा, एक दुसऱ्या ठिकाणी. सोबत एसएचए-256 हॅशची यादी. पीडीएफ आपोआप लहान करणाऱ्या किंवा पानांवर शिक्का उमटवणाऱ्या प्रणालीतून मूळ फाइल जाऊ देऊ नका.

पडताळणी इंटरनेट तोडूनच करा, तीही शक्यतो दुसऱ्या संगणकावर. रूट सर्टिफिकेट विश्वासू यादीत असूनही रद्दस्थिती 'अज्ञात' दिसली, तर पुरावा फाइलमध्ये भरलाच गेलेला नाही. सर्टिफिकेट जिवंत असेल तर तो अजूनही भरता येतो.