तबला, तानपुरा आणि पडद्यावरचा आलेख: विज्ञान दिनाची मैफल कशी उभी करावी

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, सी. व्ही. रामन यांच्या प्रकाशावरच्या संशोधनाबद्दल सगळीकडे बोललं जातं. पण १९२८च्या त्या शोधाआधी ते वाद्यांच्या नादामागे लागले होते. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये आपल्या तालवाद्यांवर टिपण लिहिलं, १९२१ मध्ये रामन यांनी तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, लिहिलं आणि १९३४ मध्ये चर्मवाद्यांवरचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. हे प्रयोग आजही रंगमंचावर, लोकांसमोर करता येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चांगली तालीम.

एक नियम शेवटपर्यंत पाळा: आधी ऐकवायचं, मग दाखवायचं. आलेख म्हणजे नादात कोणत्या वारंवारता (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) किती जोरदार आहेत हे शिखरांनी दाखवणारं चित्र. तो सुरुवातीपासून पडद्यावर नाचत राहिला तर लोक त्याच्याकडेच पाहतात आणि कानांनी काही टिपत नाहीत. प्रत्येक प्रयोगात पडदा काळा ठेवून नाद दोनदा ऐकवा, "काय फरक वाटला?" असं विचारा आणि मगच आलेख उघडा.

माणसं आणि सामान

पाच माणसं पुरतात: गायक किंवा गायिका, तबलावादक, भौतिकशास्त्र समजावणारी व्यक्ती, आलेख सांभाळणारी व्यक्ती आणि ध्वनिसंयोजक. शेवटची दोन कामं एकाच माणसावर टाकू नका. माइक शिट्टी मारायला लागला की तो माणूस तिकडे धावतो आणि पडदा अडकून बसतो. कलाकारांना तालमीचंही मानधन द्या. "शैक्षणिक कार्यक्रम आहे" म्हणून फुकट बोलावलेला कलाकार तालमीला वेळ देऊ शकत नाही आणि तालमीशिवाय हा कार्यक्रम होत नाही.

वाद्यांमध्ये तानपुरा, तबल्याची जोडी, एक हलगी किंवा डफ आणि साधी गिटार हवी. शिवाय एक जुना, मैफलीतून निवृत्त झालेला दायाँ, म्हणजे जोडीतला उजव्या हाताचा तबला, लागेल. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जव्हारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेला झणझणीत नाद आणणारा, एखादा कारागीर यायला तयार असेल तर त्याला जरूर मंचावर बसवा. घोडीबद्दल त्याच्या हाताला जे कळतं, ते आलेखात उशिरा दिसतं.

आलेखासाठी लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक आणि 'फ्रिचर'सारखं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. हा माइक सभागृहाच्या स्पीकरना जोडू नका. तो फक्त मोजमापाचा, वाद्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर. मोबाइलवर 'फायफॉक्स' ॲपनेही काम भागतं, मात्र काही फोन गोंगाट कापण्याच्या नादात तानपुऱ्याचा सलग नादच दाबून टाकतात. तेव्हा आधी तपासून घ्या. ब्लूटूथ कुठेही नको. नाद आणि चित्र यांत जाणवण्याइतकं अंतर पडतं आणि लोकांचा विश्वास उडतो.

आलेखाची मांडणी

बहुतेक कार्यक्रम इथे फसतात. वारंवारतेचा अक्ष समान अंतराचा ठेवा, लॉगरिदमिक नको. सगळा मुद्दा शिखरांमधल्या सारख्या अंतराचा आहे आणि लॉगरिदमिक अक्षावर ती अंतरं आक्रसत जातात. पट्टा ० ते २५०० हर्ट्झ पुरे.

सेकंदाला ४८,००० नमुने घेत असाल तर तानपुऱ्यासाठी १६,३८४ नमुन्यांची खिडकी घ्या, म्हणजे एका चित्रासाठी एकदम तेवढे नमुने. त्यात सुमारे ३ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो, पण एकेक चित्र सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढ्या नादावर बेतलेलं असतं. तबल्याला हे चालत नाही, कारण दोन बोल एकमेकांत मिसळतात. तिथे ४,०९६ ची खिडकी ठेवा: सुमारे १२ हर्ट्झचा टप्पा आणि सेकंदाच्या बाराव्या भागाएवढा वेळ. दोन्ही मांडण्या आधीच जतन करून ठेवा, मंचावर मेनू शोधत बसू नका.

कोणी वाजवत नसतानाही ५०, १००, १५० हर्ट्झवर शिखरं दिसली तर ती विजेची घरघर आहे. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर माइकची केबल विजेच्या वायरींपासून दूर न्या.

पहिला प्रयोग: सुताचा दोरा

पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी सा) धरली तर पुरुषी तानपुऱ्याची जोडाची तार, म्हणजे सा मध्ये लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी एक, सुमारे १३९ हर्ट्झवर असते. बाकीच्या तारा मऊ कापडाने दाबा. जोडाची एकच तार आधी दोऱ्याशिवाय छेडा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जव्हारी उघडली की पुन्हा छेडा. दोऱ्याची योग्य जागा मिलिमीटरच्या आतबाहेर असते. ती तालमीत शोधून पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. आलेख उघडला की १३९, २७७, ४१६ अशी वरपर्यंत चढत गेलेली शिखरं दिसतात. दोरा काढला की वरची शिखरं झपाट्याने खाली बसतात.

आता रामन यांचा मुद्दा. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे स्वरांश (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, चौपट असे वरचे नाद) जवळजवळ उमटत नाहीत, कारण त्यांचा स्थिर बिंदू नेमका तिथेच असतो. हे गिटारवर दाखवा. चौथी तार अर्ध्या स्वराने उतरवली की तीही १३९ हर्ट्झवर येते. बाराव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) वर, बोटाच्या मांसल भागाने छेडा. २७७ आणि ५५४ जवळची शिखरं बुटकी दिसतील. मग तानपुऱ्याची तार मध्यावर छेडा. तिथे ती शिखरं हजर असतात! रुंद, किंचित गोलसर घोडीवर तार टेकत-सुटत राहते आणि तिथूनच ते स्वरांश पुन्हा पुन्हा जन्म घेतात. गिटारवर शिखरं पूर्ण नाहीशी होत नाहीत, हे आधीच सांगून टाका. मध्य दोन मिलिमीटरने चुकला तरी थोडा फरक पडतोच.

दुसरा प्रयोग: शाई कशासाठी

हलगी आधी वाजवा. एकसारख्या ताणलेल्या गोल चामड्याच्या कंपनांचं प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं असतं. म्हणून नाद दमदार असूनही त्यातून एक स्वर पकडता येत नाही. गायकाला "हलगीच्या स्वरात सा लावा" म्हणून पाहा. सभागृहाला तिथेच प्रश्न कळतो. नंतर दायाँ. शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या थराच्या, वजनाने ही कंपनं साधारण १, २, ३, ४, ५ या प्रमाणात येऊन बसतात, आणि गायकाला सा लगेच सापडतो. रामन यांनी दाखवलं की नऊ वेगवेगळी कंपनं मिळून हे पाच स्वरांश तयार होतात. सगळ्यात खालचं कंपन मात्र या गणितात नेमकं बसत नाही, थोडं सरकलेलं असतं. प्रेक्षकांत बसलेला तबलावादक ते हमखास बोलून दाखवील, म्हणून तुम्हीच आधी सांगा.

मग "तूँ" आणि "ना" एकापाठोपाठ घ्या. "ना" वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते. तिने खालचं कंपन दाबलं जातं आणि आलेखातलं पहिलं शिखर मावळतं. हे दृश्य फार बोलकं आहे. वादकाला तीन-चार वेळा करू द्या, घाई करू नका.

रेतीचा प्रयोग जुन्या दायाँवरच, आणि वादकाची परवानगी घेऊनच. वाद्याला नमस्कार करून हात लावणाऱ्या माणसासमोर आपण त्यावर वाळू टाकतोय, याचं भान ठेवा. चाळलेली कोरडी वाळू चिमूटभर पसरा. सहा इंची स्पीकर पुडीपासून (ताणलेल्या चामड्यापासून) पाच-दहा सेंटिमीटरवर कलता धरा, म्हणजे वरून कॅमेऱ्याला दिसेल. स्पीकरमधून एकाच वारंवारतेचा साधा नाद वाजवा आणि ती वारंवारता अगदी सावकाश वाढवा. वाळू उडून स्थिर रेषांवर जमते. पिठासारखी बारीक रांगोळी वापरू नका. ती हवेच्या सूक्ष्म प्रवाहांमुळे उलट सर्वाधिक हलणाऱ्या जागी गोळा होते. फॅरेडेने १८३१ मध्ये याचं कारण शोधलं होतं. मीठही नको, कोकणात तर नकोच, ओल धरतं.

वेळापत्रक आणि सभागृह

एकूण ७५ ते ८० मिनिटं. सुरुवातीची दहा मिनिटं नुसता तानपुरा आणि आलाप, निवेदनाशिवाय. त्यानंतर तानपुऱ्याचा प्रयोग पंधरा, तबल्याचा वीस मिनिटं. मग पंधरा मिनिटांची बंदिश किंवा तबल्याचं स्वतंत्र वादन. इथे पडदा पूर्ण बंद. आता लोक वेगळ्या कानांनी ऐकत असतात, त्यांच्यात आणि कलेत काही आणू नका. उरलेला वेळ प्रश्नांना. कथ्थकच्या चक्रांचं भौतिकशास्त्रही याच संध्याकाळी घ्यायचा मोह होतो. तो विषय स्वतंत्र कार्यक्रमाचा आहे.

वातानुकूलन असेल तर ते निदान अर्धा तास आधी सुरू करा आणि वाद्यं त्याच हवेत ठेवा. हवा कोरडी झाली की चामडं ताणतं, तबला चढतो आणि त्याच्या प्रयोगात गायकाशी भांडतो. हलगी शेकायला आत विस्तव चालणार नाही. केस वाळवायचं यंत्र विंगेत ठेवा किंवा फायबरची पुडी असलेली हलगी घ्या. पंखे प्रयोगांपुरते बंद करा, वाळू आणि मोजमापाचा माइक दोन्ही वाचतात. उघड्या मैदानावर असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आधी काढा आणि रात्री दहाच्या आत संपवा.

कार्यक्रमानंतर मोजमापाचा माइक आणि पडदा वीस मिनिटं सुरूच ठेवा. लोकांना रांगेने येऊन स्वतःचा "आ" आणि "ई" एकाच स्वरात म्हणून आलेख पाहू द्या. मुलांना आधी सोडा. तानपुरा आणि चांगली जोडी तोवर गवसणीत गेलेली असू द्या. हात लावायला जुना दायाँ आणि हलगी बाहेर राहील.