परदेशात जेवण आणि स्थानिक वाइन: या चुका टाळा

बिल हातात आल्यावर होणारे बहुतेक वाद ऑर्डर देण्याआधीच टाळता येतात. पोर्तुगालमध्ये बसल्याबसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज समोर येतं. हे यजमानाचं आदरातिथ्य नव्हे. खाल्लंत की बिलात चढलं. नको असेल तर हात न लावता परत द्या, मग त्याचे पैसे लावता येत नाहीत. इटलीत बऱ्याच ठिकाणी माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार लागतो. तो मेन्यूवर छापलेला असतो, त्यामुळे नंतर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये सर्व्हिस चार्ज किमतीतच धरलेला असतो, त्यावर पंधरा टक्के टिप देणं ही निव्वळ उधळपट्टी. पाणी मात्र ‘काराफ दो’ म्हणून मागा, नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट मिळतं. नुसतं ‘वॉटर’ म्हणालात तर बहुधा बाटली उघडली जाते.

वाइनच्या बाबतीत मोठी चूक म्हणजे ओळखीचं नाव शोधत बसणं. फ्रान्समधल्या बऱ्याच लेबलांवर द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. शार्दोने द्राक्षाची वाइन आवडते म्हणणारा माणूस यादीतली शाब्ली गावाची वाइन ओलांडून पुढे जातो, आणि शाब्ली तर शार्दोनेचीच! त्यापेक्षा काय जेवणार ते सांगा आणि इथली कुठली चालेल ते विचारा. हाउस वाइनला, म्हणजे त्या ठिकाणच्या नेहमीच्या वाइनला नाक मुरडू नका. व्हिएन्नाच्या हॉयरिगरमध्ये, म्हणजे तिथल्या वाइन-खानावळीत, मालकाच्या स्वतःच्या मळ्यातली वाइन मिळते. ‘आख्टल’ म्हणजे १२५ मिली, ‘फिअर्टल’ म्हणजे २५० मिली. पहिल्यांदा आख्टलच मागवा.

बाटली उघडून वेटर घोटभर ओततो तेव्हा बरेच जण गोंधळतात, किंवा उगाच दर्दी असल्याचा आव आणतात. प्रश्न आवडली का हा नसतो, खराब तर नाही ना हा असतो. ग्लास हलवून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचानं वाइन बिघडवली आहे. तसं सरळ सांगा, बाटली बदलून मिळते. अर्धी संपवून तक्रार केलीत तर कोण ऐकणार? चव पसंत पडली नाही, एवढ्यावर मात्र बाटली परत करता येत नाही.

वायनरीत टेस्टिंगला ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठीच असतं, बिनधास्त वापरा. पण गाडी चालवायची असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. इटली-फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकात शून्य.