रेषा वर सरकवताना पट्टी उभी धरा

माझ्याकडे संध्याकाळी नववी-दहावीची मुलं गणिताला येतात. आलेखावरची रेषा वर-खाली सरकवण्याचा भाग आला की मी त्यांच्या हातात स्वेटर विणायची सुई देते. आलेख कागदावर एक सेंटिमीटरला एक एकक धरून य = २क्ष ही रेषा काढायची, तिच्यावर सुई ठेवायची आणि जराही न कलवता सरळ तीन सेंटिमीटर वर न्यायची. सुई आता आहे ती रेषा य = २क्ष + ३. क्ष ०, १, २ असताना य आधी ०, २, ४ होता, आता ३, ५, ७ झाला. चढ २ होता, २च राहिला. तीन खाली नेली तर य = २क्ष − ३.

आता दोन रेषांमधलं अंतर मोजा. बरीच मुलं पट्टी रेषेला काटकोनात धरतात आणि १.३ सेंटिमीटर आलं की गोंधळतात. ते लंब अंतर झालं, ३ भागिले वर्गमूळ ५, म्हणजे सुमारे १.३४. आपण रेषा उभ्या दिशेने सरकवली, तेव्हा पट्टीही उभ्या अक्षाला समांतरच हवी. मग कुठेही मोजा, बरोबर तीन भरतात.

“बाई, पण रेषा डावीकडे गेल्यासारखी दिसते!” असं म्हणणारं मूल मला फार आवडतं, कारण ते खरंच आलेखाकडे बघत असतं आणि त्याचं बरोबरही असतं. आडव्या अक्षाला रेषा आधी ० वर छेदायची, आता −१.५ वर छेदते. तिरक्या रेषेला टोकंच नाहीत, त्यामुळे तीन वर नेली काय नि दीड डावीकडे नेली काय, ती एकाच जागी बसते. २(क्ष + १.५) चा कंस सोडवून पाहा, २क्ष + ३ च येतं. मात्र २(क्ष + ३) लिहिलंत तर २क्ष + ६ होतं आणि रेषा सहा वर जाते. कंसातले तीन वेगळे, कंसाबाहेरचे वेगळे.

खरी फसगत होते ती दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’मध्ये, कारण तिथे य एकटा नसतो. ३क्ष + २य = १२ ही रेषा तीन वर न्यायची म्हटली की मुलं सरळ १५ लिहितात. २क्ष − य = ५ मध्ये तर तीन वर नेल्यावर उजवीकडची संख्या घटून २ होते! म्हणून य च्या जागी (य − ३) ठेवायची सवय लावा; खाली नेताना (य + ३). ३क्ष + २(य − ३) = १२, म्हणजे ३क्ष + २य = १८.

एक बिंदू ताडून पाहिल्याशिवाय वही मिटू नका. जुन्या रेषेवर (४, ०) होता, तो तीन वर जाऊन (४, ३) झाला. १२ + ६ = १८. बसला.