सैद्धांतिक चौकट निवडताना : नवी मुंबईच्या गावांतल्या कामातून

पीएचडीला नव्याने आलेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो : "सैद्धांतिक चौकट कोणती घेऊ?" म्हणजे आपला विषय कोणत्या सिद्धांताच्या नजरेतून बघायचा? सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तो मथळा असतो, म्हणून घाईने एखादं मोठं नाव टाकलं जातं आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत त्या नावाचा पुन्हा उल्लेखही होत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण चौकट नीट वापरली तर फील्डवर्कच बदलतं.

माझं काम नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांवर आहे. १९७०मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि शहरासाठी आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. आता गावात जाऊन "जमीन गेल्यावर काय बदललं?" असं विचारलं की "वाट लागली" किंवा "बरं चाललंय" एवढंच उत्तर मिळतं. त्यावर प्रकरण उभं राहत नाही.

इथे मला मायकेल सेर्निया यांचं प्रतिमान (मॉडेल) उपयोगी पडलं. जागतिक बँकेत काम केलेल्या या समाजशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात विस्थापनातून येणाऱ्या गरिबीचे आठ धोके मांडले : जमीन जाणं, रोजगार जाणं, घर जाणं, समाजात मागे ढकललं जाणं, अन्नाची चणचण, आजारपण, सामाईक संसाधनं हातची जाणं आणि नात्यागोत्याची वीण उसवणं. ही यादी पाठ करून काही साधत नाही. एकेक धोका घ्यायचा आणि आपल्या गावात तो कसा दिसेल ते लिहून काढायचं. सामाईक संसाधन म्हणजे इथे खाडी, खारफुटी, गुरचरण. मग प्रश्न सुचतात : खाडीत निवट्या, चिंबोऱ्या धरायला कोण जायचं? त्या विकायचं कोण? आज घरात मासळी विकत आणता का? भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. खाडीवर पोट असलेली, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई त्या हिशेबात येतच नाही. चौकट हातात नसती तर मी तिच्या दारात गेलेच नसते.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९८४मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी मोठं आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आता सांगा, असा भूखंड मिळालेल्या माणसाला भूमिहीन म्हणायचं का? शेती गेली, भूखंड आला. एका भावाने तो बिल्डरला देऊन फ्लॅट घेतले, त्याचं भाडं येतं. दुसऱ्याचे पैसे घर आणि लग्नकार्यात संपले. बहिणींच्या वाट्याचं काय झालं, ते वेगळंच विचारावं लागतं. सेर्नियांच्या रकान्यात हे नीट बसत नाही. अशा नोंदी गाळू नका, वेगळ्या वहीत ठेवा. आपल्या संशोधनाचं नवेपण बहुधा त्याच वहीत असतं.

चौकट कुठे जन्मली तेही बघा. वाशीच्या मासळीवाल्या मावश्या क्यूआर कोड का वापरतात, या विषयावर कुणी फ्रेड डेव्हिस यांचं १९८९चं तंत्रज्ञान-स्वीकृती प्रतिमान लावू पाहतं. त्यात दोन गोष्टी मध्यवर्ती आहेत : तंत्रज्ञान उपयुक्त वाटणं आणि सोपं वाटणं. त्यामागचा अभ्यास नोकरीच्या ठिकाणी संगणक वापरणाऱ्यांचा होता. गिऱ्हाईक सुटे पैसे आणतच नाही म्हणून मावशीने कोड लावला असेल, तर या दोन घटकांत ते कुठे मांडणार? प्रतिमान घ्या, पण ही अडचण पहिल्याच प्रकरणात लिहा.

मूळ लेख स्वतः वाचा. शोधगंगेवरच्या (भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) प्रबंधातला सारांश उचलला की त्यातल्या चुकाही येतात. एक तक्ता करा : चौकटीतला घटक, त्यावरचा प्रश्न, तो कुणाला विचारायचा, पडताळणीला कोणता कागद. ज्या घटकापुढे प्रश्नच सुचत नाही तो का सोडला, हे गाइडशी बोलून घ्या. आणि विचारात घेऊन नाकारलेल्या चौकटींची कारणं पहिल्या महिन्यापासून टिपत राहा, व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, "हीच का?" विचारलं जातं आणि तेव्हा ती टिपणंच हाताशी लागतात.