करमणुकीचा स्क्रीन टाइम कमी करायचा, तर आधी मोठ्यांचे फोन

मुलांचा मोबाइल कमी कसा करावा, असे विचारणाऱ्या पालकांच्या हातात बहुधा स्वतःचा मोबाइल असतो, आणि घरातले बहुतेक नियम आठवडाभरात बारगळतात ते याच कारणाने. म्हणून पुढे जे सुचवले आहे, ते मुलांसाठी नसून घरातील सर्वांसाठी आहे.

डेन्मार्कमध्ये ८९ कुटुंबांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात निम्म्या कुटुंबांनी दोन आठवडे आपले स्मार्टफोन आणि टॅब्लेट संशोधकांकडे सोपवले, आवश्यक बोलण्यासाठी साधा फोन वापरला आणि करमणुकीसाठी आठवड्याला माणशी जास्तीत जास्त ३ तास पडद्यापुढे घालवण्याचे मान्य केले. या घरांतील मुलांची बसून न राहता हालचाल करण्याची वेळ दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मिनिटांनी वाढली, आणि त्याच चाचणीच्या २०२४ मधील विश्लेषणात मुलांच्या भावनिक अडचणी कमी झाल्याचे व इतरांशी त्यांचे वागणे सुधारल्याचे आढळले. झोपेत मात्र ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे ‘मोबाइल बंद केला की मूल लगेच लवकर झोपेल’ अशी आशा कोणी दाखवली, तर ती जपूनच धरावी.

सुरुवात मोजण्यापासून करावी. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाने सेटिंग्जमध्येच रोजचा हिशेब मिळतो. कामाचे तीन दिवस आणि एक रविवार यांचे आकडे प्रत्येकाने वहीत लिहावेत आणि बाबांचा आकडा मुलीने मोठ्याने वाचावा. नंतर त्यातून काम वेगळे काढावे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला गृहपाठ, विजेचे बिल, ऑफिसचा फोन ही करमणूक नव्हे. रील्स, गेम्स, मालिका आणि क्रिकेटचे सामने ही करमणूक होय. अमेरिकेतील नातवाशी रविवारी सकाळी होणारा व्हिडिओ कॉल आजी-आजोबांच्या खात्यात कधीही मांडू नये.

मर्यादा ठरवताना वयाचा विचार करावा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील बाळांना पडदा नकोच, २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, तर ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. घास भरवताना समोर मोबाइल धरण्याची सवय पहिल्या गटातच लागते, आणि ती नंतर सोडवण्यापेक्षा मुळात न लावणे कितीतरी सोपे असते.

यानंतरचा टप्पा म्हणजे सर्वांसाठी एक ठरलेली वेळ. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. पुण्यात सात वाजता अनेक पालक हिंजवडीच्या ऑफिसातून घरी पोहोचलेलेच नसतात, म्हणून ही वेळ जशीच्या तशी उचलू नये. घरातील शेवटचे माणूस आल्यानंतरचा दीड तास, बहुधा जेवणासह, अधिक व्यवहार्य ठरतो. त्या वेळात सर्व फोन स्वयंपाकघरातील एकाच डब्यात, आवाज चालू ठेवून, उताणे न ठेवता पालथे ठेवावेत, म्हणजे महत्त्वाचा फोन ऐकू येतो, पण पडदा खुणावत नाही. रात्री चार्जर बैठकीच्या खोलीतच राहावा आणि उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे, कारण ‘गजर लावायला मोबाइल उशाशी लागतो’ ही सबब मोठ्यांचीच असते.

रिकामा झालेला वेळ भरला नाही, तर तो पुन्हा मोबाइलकडेच जातो. घरात बसून काय करायचे यावर डोके खाजवण्यापेक्षा बाहेर पडणे सोपे, आणि या बाबतीत पुणेकरांना तक्रारीला फारशी जागा नाही: तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या यांपैकी काही ना काही अनेकांच्या आवाक्यात असते. ५ ते १७ वर्षे वयासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवते. शिवाय रोज उघड्यावर घालवलेल्या वेळाचा संबंध मुलांमधील दूरचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, म्हणजे मायोपिया, उशिरा सुरू होण्याशी आढळला आहे. त्यासाठी दिवसाचा उजेड हवा. म्हणून शनिवार-रविवारची सकाळ टेकडीसाठी राखावी आणि रोज संध्याकाळी मुलांना सोसायटीच्या आवारात अंधार पडण्यापूर्वी सोडावे.

मालिकांचा प्रश्न नाजूक आहे. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आजीची संध्याकाळची मालिका तोडणे अन्यायाचे ठरते. तिने एकच निवडावी आणि ती ठरलेल्या दीड तासाच्या आधी किंवा नंतर पाहावी, एवढी तडजोड पुरते.

पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल. त्या दिवसांत भाषण देऊ नये आणि शिक्षा किंवा बक्षीस म्हणूनही मोबाइल वापरू नये, कारण तसे केल्याने त्याचा भाव वाढतो. एखाद्या दिवशी नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी फोन डब्यात ठेवावेत. दोन आठवड्यांनी तीच वही काढून पुन्हा चार दिवसांचे आकडे लिहावेत आणि कोणते ॲप ठेवायचे, कोणते कायमचे काढायचे, हे एकत्र बसून ठरवावे. पडदा कमी करूनही मूल डोळे बारीक करून फळा वाचत असेल किंवा डोके दुखत असल्याचे सांगत असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता त्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.