प्रीमियर पद्मिनीला बॅटरी कटऑफ स्विच बसवताना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात, आणि बराचसा काळ कव्हरखाली उभ्या असतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ही तक्रार सगळेच करतात; त्याहून गंभीर बाब अशी की इतक्या वर्षांत वायरिंगचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, त्यात उंदरांचा उपद्रव असतो, आणि जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असल्याने किल्ली काढल्यावरही काही तारांना थेट बॅटरीचा पुरवठा चालू राहतो. कटऑफ स्विचचा, म्हणजे बॅटरीचा पुरवठा पूर्णपणे तोडणाऱ्या स्विचचा, खरा उपयोग या दुसऱ्या धोक्यासाठी आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा, गुंडी फिरवून सैल करण्याचा स्विच स्वस्त असतो आणि चालतोही, पण प्रत्येक वेळी बॉनेट उघडावे लागते. लाल किल्लीचा फिरता स्विच घेणे अधिक चांगले. त्यावर दोन आकडे लिहिलेले असतात : सतत वाहणारा करंट आणि काही सेकंदांपुरता करंट. सेल्फ मारताना या इंजिनाला शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक करंट लागू शकतो, म्हणून सतत १०० आणि क्षणिक ५०० अँपिअरपेक्षा कमी क्षमतेचा स्विच घेऊ नये.

स्विच कोणत्या तारेवर बसवायचा, यावर गॅरेजमध्ये मतभेद ऐकू येतात. माझे मत स्पष्ट आहे : बॉडीला जोडलेल्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेवर. पद्मिनीत ती निगेटिव्ह असते. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, तेथे हाच नियम पॉझिटिव्ह तारेला लागू होतो. स्विच पॉझिटिव्ह बाजूला घेतला, तर फ्यूज नसलेली जाड जिवंत तार पत्र्यालगत फिरवावी लागते आणि ती कुठे घासली की थेट शॉर्ट होते. अर्थिंगची तार बॉडीला टेकली, तरी ठिणगी उडत नाही. फार तर स्विच निरुपयोगी ठरतो.

जागा निवडताना कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी आणि बॅटरीची झाकणे यांपासून अंतर ठेवावे, कारण स्विच बंद करताना आत ठिणगी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. चालकाच्या हाताशी स्विच असणे उत्तम, मात्र तार लांबते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन मीटर तारेत १५० अँपिअरला सुमारे ०.१५ व्होल्ट घट होते, ती चालण्यासारखी आहे. बारीक तार वापरून पैसे वाचवू नयेत.

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. पॉझिटिव्हला या कामात हात लावण्याची गरजच नाही. बॅटरीपासून एक तार स्विचला आणि स्विचपासून दुसरी बॉडीला न्यावी. टोकांना योग्य मापाचे थिंबल, म्हणजे नटाखाली आवळायची धातूची टोपी, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून बसवावे; पकडीने चेपलेले थिंबल वरून घट्ट दिसले, तरी सेल्फ मारताना तापते. बॉडीवर जेथे नट आवळायचा, तेथील रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्यावा आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. निगेटिव्ह टर्मिनलवर एकच तार असते, असे गृहीत धरू नये. कधी एक तार बॉडीला आणि दुसरी इंजिनाला गेलेली असते, शिवाय एखाद्या इलेक्ट्रिशियनने म्युझिक सिस्टिमची बारीक काळी तारही तेथेच अडकवलेली असते. या सर्व तारा स्विचच्या पलीकडच्या बाजूला हलवाव्यात. जाड तार स्विचमागे गेली आणि बारीक तार बॅटरीवरच राहिली, तर स्विच बंद असताना कोणी सेल्फ मारताच सगळा करंट त्या तारेतून जाऊ पाहील आणि तिचे आवरण वितळेल. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी शाबूत आहे, हेही याच वेळी पाहावे. ती तुटलेली असेल, तर करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल तापत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

शेवटी टर्मिनल जोडून स्विच बंद ठेवावा. हॉर्न आणि दिवे मृत असले पाहिजेत. काहीही चालू राहिले, तर एखादी तार नजरेतून सुटली आहे. मग स्विच चालू करून, दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटर स्विचच्या दोन टोकांना लावावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास जोड पुन्हा साफ करावेत.

दोन टोकांचा हा स्विच चालू इंजिन बंद करण्यासाठी नाही. बॅटरी तोडली, तरी डायनॅमो किंवा अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहू शकते, आणि अल्टरनेटर असल्यास व्होल्टेज एकदम उसळून डायोड जळू शकतात. म्हणून आधी किल्लीने इंजिन बंद करावे, नंतर स्विच. बाहेर काढलेली लाल किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात अडकवावी, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर स्विच असूनही महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी, कारण शिशाची बॅटरी तोडून ठेवली तरी आपोआप थोडी थोडी उतरत राहते आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने उतरते.